खूण नसलेली चौकट

डोळ्यांसमोर एक चौकट आणा. चारही बाजू अगदी सारख्या. तिच्यात कापड ताणून बसवलंय, पण एकाच दिशेने. आता मशीन त्या कापडावर प्लॅस्टिकच्या बारीक रेघा छापेल. मग कापड सोडलं, की ते ताणलेल्या दिशेने आक्रसेल, रेघांना वाकवेल आणि आपोआप गोल होईल.

आजोबांना असा मनगटाचा पट्टा करायचा होता. नातीचा डावा हात मनगटातून खाली लोंबायचा. पट्टा त्याला उचलून धरणार होता.

तीनदा छापला, तीनदा फसला. मनगटाला वेढायचं सोडून पट्टा बोटांकडून कोपराकडे गुंडाळला जायचा.

"पाव वळसा चुकतोय माझा," आजोबा म्हणाले. "चौकट आडवी ठेवतो आणि लक्षातही राहत नाही."

"मग खूण का नाही करत तिच्यावर?"

"खुणा नवशिके करतात, चिमणे." नेहमी हे म्हणताना ते हसायचे. आज हसले नाहीत. "तुझ्या आईचा फोन होता. पट्टा झाला की त्याच दिवशी न्यायला येते म्हणाली."

नात गळ्यातल्या दोरीला अडकवलेली घराची किल्ली बोटांत फिरवत राहिली. आईकडे संध्याकाळपर्यंत तिच्या सोबतीला ही किल्लीच असायची.

"मला काही घाई नाही," ती म्हणाली.

"तुझ्या हाताला आहे."

त्यांनी चौथं कापड ताणलं, चौकट मशीनवर ठेवली आणि चष्मा पुसून दोनदा पाहिली.

"हा शेवटचा. नाही जमला, तर उद्या मशीन शेजारच्या शिंप्याला देऊन टाकतो. माझाच भरवसा नाही असे हात तुला कशाला लावू?"

"मग तुम्ही काय करणार?"

"बसून राहीन. कुणी विचारलं तर सांगेन, कंटाळा आला. विसरायला लागलो हे सांगवणार नाही."

बटण दाबण्याआधी ते नेहमी मागच्या नळावर हात धुऊन येत. तेवढा वेळ मशीनची राखण नातीकडे असे. आजही ते गेले, जरा पाय ओढत.

नात उठली. मशीनपाशी गेली. उजवा हात तिने चौकटीच्या कोपऱ्यावर ठेवला. मागे पाणी वाहत होतं. वेळ भरपूर होता.

या चौथ्या वेळी मात्र चौकट न फिरवताच तिने हात मागे घेतला.