सामन्याचा मानकरी

कर्ण्यावरून आपलं नाव ऐकू आलं, तेव्हा गॉर्डी बिसेट पाहुण्या संघाच्या सेंटर फॉरवर्डची जर्सी मागून मुठीत धरून उभा होता. त्याने ती सोडली.

"आजच्या सामन्याचा मानकरी," निवेदन करणाऱ्या मोरागचा आवाज खरखरला, "किर्कड्रमचा पाच नंबर, गॉर्डी बिसेट! निवड आजच्या प्रायोजक एफी डफस यांची. त्यांचं म्हणणं, या मुलाचं डोकं आज फार छान चाललंय."

छपराखालची माणसं हसली, टाळ्या पडल्या. मुलगा पस्तिशीचा होता. आठवडाभर सुतारकाम करायचा आणि शनिवारी बचावफळीत उभा राहायचा. अकरा हंगामांत हा मान गोलकीपरांना मिळाला, फॉरवर्डना मिळाला, एकदा तर धुक्यात नंबर नीट न दिसल्यामुळे पाहुण्यांच्याच एका खेळाडूला मिळाला. गॉर्डीला कधीच नाही. बक्षीस म्हणून मिळणाऱ्या व्हिस्कीच्या बाटलीचं एवढं काही नव्हतं. पण क्लबच्या जिन्यात मानकऱ्यांचे फोटो लागतात, आणि तो जिना चढताना गॉर्डी नेहमी घाईत असल्यासारखं दाखवायचा.

किर्कड्रममध्ये मानकऱ्याचं नाव सामना संपायच्या पाच मिनिटं आधीच जाहीर करतात, कारण नंतर ऐकायला कुणी थांबत नाही. सामना अजून शून्य-शून्य होता. तो तसाच संपला असता तर एका गुणाने संघ तक्त्याच्या तळातून वर आला असता.

मग डावीकडून चेंडू उंच आला. समुद्रावरचा वारा समोरून होता, त्यामुळे तो हवेत किंचित थबकला आणि अपेक्षेपेक्षा हातभर अलीकडे उतरला. गॉर्डीने उडी आधीच मारली होती. कपाळाच्या मध्यावर यायला हवा होता तो चेंडू कडेला लागला, वळला आणि त्याच्याच संघाच्या जाळ्यात, वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला. गोलकीपर केनी जागचा हललासुद्धा नाही.

पाहुण्यांचे समर्थक नऊ जण होते, बसचा ड्रायव्हर धरून. ते गॉर्डीचं नाव घेऊन त्याचे आभार मानू लागले. नाव त्यांना नुकतंच कर्ण्यावरून कळलं होतं.

"एक सांग," ड्रेसिंग रूममध्ये केनी बूट ओढून काढत म्हणाला, "असला हेडर अकरा वर्षं कुठे लपवून ठेवला होतास?"

"गप रे."

"नाही, खरंच विचारतोय. पुढच्या शनिवारी अगदी तस्साच मार. फक्त तोंड तिकडे कर."

कुणीतरी टॉवेलात तोंड खुपसून खिदळलं. गॉर्डीने अंघोळही केली नाही. जर्सीवरच कोट चढवला आणि मागच्या दाराने निघाला. रोलर ठेवायच्या शेडमागे एक छोटं फाटक आहे. तिथून गेलं की जिना लागत नाही.

फाटकाला टेकून क्लबचे अध्यक्ष टोश उभे होते.

"वाटलंच मला," ते म्हणाले. "चल वर. एफीआजी बाटली घेऊन बसल्यात."

"केनीला द्यायला सांगा ना, साहेब. त्याने तीन गोल वाचवले आज."

"सांगून बघितलं. हळूच म्हटलं, नाव अजून बदलता येईल, कुणी काही म्हणणार नाही."

"मग?"

"मग काय! म्हणाल्या, टोश, मी तुझ्या आईला चांगली ओळखते. जा, त्या पोराला घेऊन ये."

एफीबाईंना ऐंशी वर्षं झाली म्हणून भाचरांनी मिळून त्यांना हा सामनाच भेट दिला होता: दुपारचं जेवण, पहिल्या रांगेतली खुर्ची आणि मानकरी निवडायचा हक्क. सगळा जन्म मैदानामागच्या गल्लीत गेला, तरी आत येऊन पाहिलेला त्यांचा हा पहिलाच सामना.

गॉर्डी टोशसाहेबांच्या मागून जिना चढला, नजर पायऱ्यांवर ठेवून. वरच्या खोलीत खिम्याच्या पॅटिसांचा वास भरला होता आणि दोन्ही क्लबांची मंडळी भिंतींना लागून उभी होती. तो दारात दिसला तशी बोलणी थांबली. प्रत्येकाला आपापल्या बशीतल्या पॅटिसमध्ये एकाएकी फार रस वाटू लागला.

एफीबाई खुर्चीतून उठल्या. बाटली त्यांनी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरली होती.

"आजी," गॉर्डी खालच्या आवाजात म्हणाला, "सामना शेवटपर्यंत बघितलात ना तुम्ही?"

"बघितला की. चष्मा नवा आहे माझा."

"मग मी काय केलं ते दिसलं असेल. माझ्यामुळे हरलो आपण."

"ते हे सगळे मघापासून मला समजावून सांगतायत." त्यांनी बाटली त्याच्या छातीला अशी टेकवली, की त्याला ती धरावीच लागली. "अरे, दीड तास बावीस माणसं ऊर फुटेस्तोवर धावली. एवढ्या सगळ्यांत तो चेंडू जाळ्यात घालायचं जमलं ते एकट्या तुला. मग मी ही द्यायची तरी कुणाला?"