न विरघळलेली गोळी

फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू असतानाच तिच्या सासऱ्यांना फिट आली आणि ते गेले. रक्तात औषधाचा अंशही सापडला नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"गोळ्या वहिनीच द्यायची," नणंद सगळ्यांसमोर म्हणाली. "तिला लॅबमधून सवड मिळाली तर ना."

नवरा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तेव्हापासून तो जेवायला तिच्या शेजारची खुर्ची सोडून बसू लागला.

औषधांच्या स्फटिकांची रचना तपासणं, हीच तिची नोकरी. घरात उरलेली एक न फोडलेली पट्टी तिनं कामावर नेली. एका गोळीची पूड करून क्ष-किरणांखाली ठेवली, आणि समोर उमटलेला आलेख त्या औषधाच्या नेहमीच्या आलेखाशी ताडून पाहिला. औषध तेच होतं, पण कारखान्यातच त्याच्या रेणूंची मांडणी बदलली होती. पाण्यात टाकलेली दुसरी गोळी फुटली खरी, पण तिचे कण तळाशी जसेच्या तसे पडून राहिले. सासऱ्यांच्या पोटातही हेच झालं असणार.

संध्याकाळी दोघा भावंडांना समोर बसवून तिनं सगळं नीट समजावून सांगितलं.

"मी एकही गोळी चुकवली नव्हती," ती म्हणाली.

नणंदेला रडू फुटलं. "चुकलं माझं, वहिनी," म्हणत तिनं तिचा हात धरला. इतके दिवस गप्प असलेला नवरा पहिल्यांदाच बोलला.


"म्हणजे बाबा होते तेव्हाही तुला हे तपासता आलं असतं."