काचेवरची चकाकी

"चष्म्यावरच्या चकाकीमुळे माझे डोळे एकाही फोटोत दिसत नाहीत! लोकांची भाषणं मी किती मन लावून ऐकतो, ते दिसायला नको?" साहेब कडाडले. कंपनीच्या नव्या फोटोग्राफरबाईंनी कॅमेऱ्याचं दुकान गाठलं. चकाकी घालवणारे तीन पोलरायझर फिल्टर मांडून घेतले आणि एकेक लेन्सवर चढवून, फिरवून, शोकेसच्या काचेवर रोखून पाहिला. तिसऱ्याने काचेवरची चकाकी अशी पुसली की आतल्या ट्रायपॉडवरची धूळसुद्धा दिसली.

"हाच द्या."

"तुमच्या साहेबांच्या चष्म्यासाठी ना? घ्या. पण खोका जपून ठेवा हं, ताई," त्यांच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पाहत दुकानदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, भाषण ऐन रंगात आलेलं असताना, बाईंनी पहिल्या रांगेतल्या साहेबांवर कॅमेरा रोखला आणि फिल्टर हळूच फिरवला. चकाकी गेली. चष्म्यामागचं सगळं लख्ख दिसलं. बाईंनी घाईघाईने फिल्टर उलटा फिरवून चकाकी परत आणली, मगच फोटो काढला.

संध्याकाळी त्या खोका घेऊन दुकानात हजर. दुकानदाराने काही न विचारता तो जुन्या जागी ठेवला.

"तुमच्या कंपनीतून हा परत करायला आलेल्या तुम्ही चौथ्या," तो म्हणाला. "आता मला सांगा, साहेब नुसतेच झोपले होते, की घोरतही होते?"