ओळखीचा वारा

पहाटे दाराची कडी वाजली. किनाऱ्यावर जाऊन वारा बघून सासरे परत आले होते.

"बाबा, जाऊ का?" मासेमारीला निघालेल्या नवऱ्याने रोजच्यासारखं विचारलं. सासरे एकतर 'जा' म्हणतात, नाहीतर 'नको'. मोबाइलवरचा अंदाज दाखवला की हसतात, "त्या डबीला समुद्रातलं काय कळतंय!"

आज ते मटकन खाली बसले. "यंदाचा वारा ओळखीचाच वाटत नाही रे. तुझी डबी काय म्हणते?"

डबी 'जा' म्हणाली. होडी गेली.

एरवी होडी गेली की सासरे आडवे होतात आणि लगेच घोरायला लागतात.



"आई," उंबऱ्यात बसून राहिलेल्या आजोबांकडे बघत लेकीने विचारलं, "आजोबा आज का झोपत नाहीत?"