पीपी नंबर

“कस्टमर लिवा,” हिरालालशेट म्हणाले.

“सिटिझन,” नानाजी म्हणाले आणि एका बोटाने कीबोर्डवर सी शोधू लागले.

देवळी गावात नानाजींच्या पुढच्या खोलीत दोघे दुपारी साडेबाराला कॉम्प्युटरसमोर खुर्च्या लावून बसले होते. नानाजी निवृत्त इंग्रजीचे मास्तर, चाळीस वर्षं लाल झेंड्याचे. हिरालालशेट कापडाचे व्यापारी. सरकारनं फक्त रस्ते बांधावेत, बाकी सगळं बाजारावर सोडावं, या मताचे. दोघांचं आयुष्यात एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, की हे इंटरनेट म्हणजे शुद्ध लूट आहे. म्हणून पंचवीस तासांचं पॅक त्यांनी अर्धं-अर्धं घेतलं होतं. फोनची लाइन नानाजींची, कॉम्प्युटर शेटचा. आज टेलिफोन खात्याच्या वरच्या साहेबांना दरवाढीच्या निषेधाचा इंग्रजी ईमेल जायचा होता, आणि त्यात लोकांना काय म्हणायचं इथेच गाडी अडली होती. आधी मजकूर लिहून ठेवावा आणि मग लाइन जोडावी, हे एवढ्या हुशार माणसांना काही सुचलं नाही.

बाहेर पायरीवर शेजारच्या जिजाबाई बसल्या होत्या. दिवसाची मजुरी पाडून आल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पायात वहाणा तशाच, निघायच्या तयारीत. त्यांच्या घरी फोन नव्हता. त्यांच्या मुलीच्या, मेघाच्या, फॉर्मवर नानाजींचाच नंबर होता, पुढे ‘पीपी’ लिहिलेला, म्हणजे शेजाऱ्याचा. मेघा सकाळीच नागपूरला गेली होती. नर्सिंगच्या वेटिंग लिस्टमधून नाव निघालं की ती फोन करणार, जिजाबाई मिळेल ती गाडी धरणार आणि पाचच्या आत प्रवेशाच्या बॉन्डवर पालकाचा अंगठा देणार, असं ठरलं होतं. नाव निघेलच याचा भरोसा नव्हता. दोघींचं तिकीट कशाला वाया घालवायचं, म्हणून त्या मागे राहिल्या होत्या.

“दोन-चार कंपन्या येऊ द्या मैदानात,” शेट सांगत होते. “आपसात भांडतीन, मंग भाव कसा पडते पहा.”

“अन् नाई भांडल्या त? एक होऊन तुमाले अन् मले, दोघालेही लुटलं त?”

“मंग सरकारनं काय कमी लुटलं?”

एक वाजता जिजाबाईंनी दारातून डोकं आत घातलं. “आलता का जी फोन?”

“नाई अजून,” नानाजी म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण इंटरनेट चालू असलं की फोन वाजत नाही, बाहेरच्याला नुसता एंगेज लागतो, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं.

“शेट, जरासं कापतो. तिच्या पोरीचा फोन येणार हाये.”

“आता कापता? आज पहिल्यांदा लाइन टिकली हाये. लिवलेलं सारं जाईन, अन् पुन्हा लावलं की पुन्हा कॉलचा पैसा पडन. पाच मिनिटं थांबा न.”

एरवी दर दहा मिनिटांनी तुटणारी लाइन त्या दिवशी खरंच एकदाही तुटली नव्हती. नानाजींनी घड्याळाकडे पाहिलं. कापायला एक टिचकी पुरे होती. आपण गोरगरिबांसाठीच तर लिहितोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि बोट पुढच्या अक्षराकडे नेलं.

पाच मिनिटं लांबत गेली. शेवटी शब्द जमला. सिटिझन नाही, कस्टमरही नाही, ‘कॉमन मॅन’. दोघांनाही तो एकदम पसंत पडला. ईमेल गेला तेव्हा साडेतीन झाले होते.

नानाजींनी लाइन तोडली आणि लगेच फोन वाजला.

“गुरुजी, साडेबारापासून लावून राह्यली मी.” मेघाचा आवाज बसला होता, तरी शेजारी बसलेल्या शेटलाही ऐकू जात होता. “नाव निघालं होतं. आता आईले नोका पाठवू, पाचच्या आत पोचत नाई ते. मॅडम म्हणे, पुढच्या पोरीले देतो सीट.” मग तिनं विचारलं, “फोन खराब होता का जी?”

नानाजींनी शेटकडे पाहिलं. “हो,” ते म्हणाले. “लाइन खराब होती.”

जिजाबाई दारात येऊन उभ्या होत्या. “लाइन खराब होती बाई,” हिरालालशेटनीही त्यांना तेच सांगितलं. “सीट गेली पोरीची.” दोघांपैकी कुणी कुणाला खुणावलं नव्हतं.

जिजाबाई चौकट धरून खाली बसल्या. मग पदरानं तोंड पुसलं.

“जाऊ द्या. तुमी तरी काय करान? दुपारपासून दोघं त्या मशीनले भिडले होते, पाहत नोती का मी? जेवले नाई, पाणी नाई पेले. सख्खे नाई करत जी एवढं माह्या पोरीसाठी.”

नानाजींना शरमेनं मान वर करवेना. “शेट, सांगा न तिले,” ते हळूच म्हणाले.

“तुमी सांगा,” शेट जमिनीकडे पाहत म्हणाले.

जिजाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पिशवी फरशीवर उलटी केली. बांधावरच्या बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा होत्या, गुरुजींसाठी आणलेला वानोळा. आता त्यांनी त्याचे दोघांसाठी दोन वाटे केले, इकडची शेंग तिकडे टाकत, दोन्ही सारखे दिसेपर्यंत. एक शेंग उरली. ती त्यांनी मधोमध मोडली.