शहाळ्यावर चाललेली मशीनगन

मशीनगनला गार ठेवणारं पाणी उकळून संपलं आणि ती अडली. बेचाळीस सालच्या सिंगापूरमधल्या त्या टेकडीवर दुसरं पाणी नव्हतं. पुढून जपानी चढत होते, आणि मागे जखमींचा ट्रक अजून भरतच होता.

मलय पलटणीतला रमली बूट काढून सरळ माडावर चढला.

"अरे माकडा, गोळ्या चालल्यात!" मांडीत गोळी घुसलेला कार्पोरल जोहारी ओरडला.

"म्हणूनच घाई करतोय, दादा!" वरून उत्तर आलं, आणि पाठोपाठ सात शहाळी.

जोहारीच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं आशेनं हात पुढे केला. रमलीनं शहाळं फोडून सगळं पाणी गनलाच पाजलं. ती दोनदा खोकली आणि धडाडली. खिरीसारखा वास सुटला.

"जपान्यांना वाटेल, वर लग्न आहे," रमली हसला. "तुम्ही निघा. ट्रक पूल ओलांडेपर्यंत मी पंगत सांभाळतो."

ट्रक निघाला. आत सोळा जखमी, पण कुणी कण्हेना. सगळे कान देऊन ती गन ऐकत होते.

पूल मागे पडला, तेव्हा कुठे टेकडी गप्प झाली.

मग जोहारी पहिल्यांदा कण्हला.