फाटकावरून दिसणारी जागा

चाकाची खुर्ची चढावर ढकलताना रोझेटाला दम लागला. खुर्चीतली तिची आई मात्र डोळे मिटून बसली होती, नावेतून चालल्यासारखी. औषध घेतलं की दुपारी ती अशीच असे, अर्धी इथे, अर्धी कुठेतरी. झाडांवरून सुटलेला कापूस हवेत तरंगत होता. त्यातला थोडा तिच्या टोपीवर येऊन बसला.

लुडके पुढे चालत होते. ऑस्टिनमधल्या या सरकारी दफनभूमीची देखभाल त्यांच्याकडे होती. राज्याची सेवा केलेल्या माणसाने जिवंतपणीच इथे येऊन आपली जागा निवडायची, अशी रीत. आज रोझेटाची आई, लव्हीनिया टॉलिव्हर, आली होती, राज्याच्या सिनेटवर निवडून गेलेली पहिली काळी बाई.

"ही बघा, सिनेटरबाई." लुडके एका मोठ्या ओकखाली थांबले. "ओढा जवळ, दिवसभर सावली. आणि..." त्यांनी आवाज खाली आणला. "इथून ते दिसत नाहीत."

ते म्हणजे टेकडीच्या माथ्यावरचे. गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या सैनिकांची पांढरी थडगी, रांगेमागे रांग.

लव्हीनियाने डोळे उघडले. "आणि त्यांना मी?"

"अं?"

"त्यांना मी दिसेन का?"

लुडकेंनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि चढाची वाट धरली.

माथ्यावर निळी रानफुलं पसरली होती. उन्हाच्या झळांत पांढरे दगड जमिनीपासून सुटल्यासारखे हलत होते.

"इथे," आई म्हणाली.

"आई, पुरे." रोझेटाने खुर्चीला ब्रेक लावला. "ह्यूस्टनला बाबांशेजारची जागा रिकामी आहे. चर्चमागेच. रविवारी मी फुलं घेऊन चालत येईन. इथे कोण आहे तुझं? आपल्या पणजीला गुलाम म्हणून विकणारे?"

"बाबांना सवय आहे गं. अधिवेशन संपलं की येईल, म्हणून जन्मभर थांबले बिचारे."

"हसू नकोस. मेल्यावर तरी माझी हो. तेव्हाही सरकारचीच राहणार?"

"सरकार म्हणजे कोण? हे लुडके गवत कापतात, ते सरकार. इथे बसायला बाक हवा म्हणून तू त्यांचं डोकं खाशील, तेही सरकारच. आणि तू खाशील."

लुडके दुसरीकडे बघत हसले.

"पण ह्यांच्या शेजारी, आई?"

"शेजारी निवडून घेतात तो क्लब, बाळा. देशात ते आधीच येऊन बसलेले असतात." तिचा आवाज पुन्हा पेंगुळला. "ह्यांनी तर देश मोडायला काढला होता. तरी ह्यांना माथ्यावरची जागा. मग मीच का ओढ्याकाठी?"

रोझेटाने आईच्या टोपीवरचा कापूस झटकला.

"खाली फाटकापर्यंत जा," आई म्हणाली. "तिथून, रस्त्यावरून जाणाऱ्याला, मी दिसते का बघ."

"आणि नाही दिसलीस तर?"

"तर बाबांकडे. तू सांगशील ते खरं."

रोझेटा उतरू लागली. झाडं मध्ये यावीत, भिंत मध्ये यावी, असं तिला वाटत होतं. फाटकाशी पोचल्यावरही तिने लगेच वळून पाहिलं नाही. बाहेरच्या रस्त्यावरून एक शाळेची बस गेली. मग ती वळली.

पांढऱ्या रांगांच्या कडेला आई बसली होती. तिने उजवा हात वर केला होता, सरळ, न हलवता. सभागृहात बोलायची परवानगी मागताना ती असाच हात वर धरायची आणि मिळेपर्यंत खाली घ्यायची नाही. समोरचे सगळे दगड तिच्याकडे तोंड करून उभे होते.

रोझेटाने तोंडाभोवती दोन्ही हात धरले.

"दिसतेस!"

माथ्यावरचा हात सावकाश खाली आला.